उघाडी

बेलापूरला दुय्यम निबंधकाच्या हापिसाखाली
जिन्याच्या वळणावर माझं टेबल.
प्रिंटर, शाईचं पॅड, अंगठा पुसायला जुन्या साडीचा तुकडा.

पोशीबाई मढवी तळवलीहून आली पुतण्याच्या गाडीतून.
जितेश खाली, इंजिन चालू, कानाला फोन.
कुलमुखत्यारपत्राचा मसुदा बिल्डरकडून तयारच आलेला,
मी फक्त नाव, वय, आधार नंबर भरायचा.

"वाच," म्हणाली.
पानामागे साठ रुपये मिळतात मला,
वाचून दाखवायचे काही मिळत नाहीत.
तरी वाचलं.
'सदर मुखत्यार जी जी कृत्ये करतील
ती ती मी स्वतः जातीने केली आहेत
असे समजण्यात यावे.'

"थांब. मंजे उघाडी."

मग तिनंच मला सांगितलं.
खाजणाच्या बांधाला लाकडाचं दार असायचं,
भरतीला लावायचं, ओहोटीला काढायचं.
पाळी सासऱ्याची, सासरा तापानं फणफणलेला,
म्हणून दोन रात्री दार दिलं हिराजीच्या ताब्यात.
हिराजीनं दाराशी जाळं लावलं कोलंबीसाठी
आणि भरती आली तरी दार उघडंच.
तीन वर्षं भात नाही.
चिखल वाळला की वर मीठ फुलायचं.

"गावकीनी दंड कोनाला लावला, सांग."
मी म्हटलं, हिराजीला.
"सासऱ्याला.
दार त्याचा. हात कोनाचा होता, गाव नाय बघत."

मी पंधरा वर्षं हे कागद टाइप करते.

"दार परत घेता येतं?"
येतं. दुसरा कागद करायचा, त्याला कळवायचं,
ज्यांच्याशी तो तुमच्या नावानं बोलतो त्यांनाही.
म्हणता म्हणता पान चार उलटलं,
आणि तिथे, खालून तिसरी ओळ,
'मोबदला पूर्ण मिळाल्याने हे पत्र कदापि रद्द करता येणार नाही.'

किती मिळाला?
ती बोटांवर मोजायला लागली.
मिक्सर एक.
मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्यातलं अर्धं.
एकवीरेला एकदा गाडी.
"गाडी धरायची काय?"

तिसरं बोट तसंच उभं.
मी पान चार फाडलं.

"विकायचा ता काढ," म्हणाली,
"धावायचा राहू दे. माझं गुडघं गेलं."

नव्यानं लिहिलं: खास कुलमुखत्यारपत्र.
सिडकोत अर्ज देणे, पोच घेणे,
साडेबारा टक्क्यांच्या फायलीची चौकशी करणे,
पाणीपट्टी भरणे.
विक्री, गहाण, बक्षीस, विकसन यांचा अधिकार नाही.

जितेश वर आला. ओठ हलवत वाचलं.
"काकी, हे काय?"
"दोन वरसा धाव," ती म्हणाली. "मंग बघू."
माझ्याकडे असं बघितलं त्यानं
की मी दुपारचा डबा खाल्लाच नाही.

वर मशीन तिचा अंगठा घेईना.
एकदा, दोनदा, ओल्या फडक्यानं पुसून तिसऱ्यांदा.
साहेब म्हणाले, रेषाच उरल्या नाहीत, मावशी.
चौथ्यांदा घेतला.
"कागद समजला का? स्वखुशीनं देताय?"
ती माझ्याकडे वळून हसली. दात नव्हते.
"समजला."

तो धावला मात्र. ते नाकारून चालणार नाही.
दोन पावसाळे, भवनाच्या पायऱ्या,
माझ्या टेबलावरून जाताना मान वळवायचा नाही.

मग आश्विनात एका गुरुवारी आला.
डोकं नुकतंच भादरलेलं.
कागद लॅमिनेट केलेला, चारी कोपरे गोल कापून.
"उद्या फायलीची तारीख आहे. हा चालेल ना?"
काकी कधी गेल्या?
"मंगळवारी. पहाटे पावणेचारला."

मंगळवारीच संपला, मी म्हटलं, पावणेचारला.
आता वारस. वारसाचा दाखला, वेगळी रांग.

तो बसला. माझ्याकडे गिऱ्हाइकांसाठी स्टूल आहे एक, डगमगतं.
प्लास्टिकवरून त्यानं ठशावर बोट फिरवलं,
परत फिरवलं.
"हे निघतं का हो, लॅमिनेशन?"

निघतं, म्हटलं.
शाई बरोबर येते.